वाचकांचे प्रश्न : बोरोहायड्राइडमधला हायड्रोजन बाहेर येतो, पण परत जातो का?

मागील अंकात हायड्रोजनच्या घन स्वरूपातील साठवणुकीवर जे टिपण प्रसिद्ध झाले होते, त्यात धातूंच्या बोरोहायड्राइडांचा (धातू, बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचा) विषय दोन-तीन वाक्यांत आटोपला होता. त्याबद्दल वाचकांनी रास्त तक्रार केली आहे. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लिथियम बोरोहायड्राइडच्या वजनात साडेअठरा टक्के हायड्रोजन असतो, असे आपण लिहिले होते. इतका हायड्रोजन एका पांढऱ्या भुकटीत मावत असेल, तर वाहनांमध्ये अजूनही ७०० बार दाबाच्या टाक्याच का वापरतात?

उत्तर : आकडा बरोबर आहे आणि घनफळाचा हिशेब तर त्याहून आकर्षक आहे. एक घनमीटर लिथियम बोरोहायड्राइडमध्ये सुमारे १२१ किलो हायड्रोजन असतो. उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव हायड्रोजनच्या एका घनमीटरात तो सुमारे ७१ किलो भरतो, आणि ७०० बार दाबाच्या वायूत जेमतेम ४० किलो. तथापि पदार्थात हायड्रोजन असणे वेगळे आणि तो हवा तेव्हा हाती लागणे वेगळे.

लँथॅनम-निकेलसारख्या मिश्रधातूत हायड्रोजनचे अणू धातूच्या जाळीतील रिकाम्या जागांमध्ये जाऊन बसतात आणि थोडा दाब कमी करताच बाहेर पडतात. त्यांची धारणक्षमता दीड टक्क्याच्या आतबाहेर असली, तरी त्यांचा व्यवहार सरळ असतो. बोरोहायड्राइडमध्ये मात्र प्रत्येक बोरॉन अणूने चार हायड्रोजन अणूंना सहसंयुज बंधांनी धरून ठेवलेले असते, आणि हा पाच अणूंचा ऋण आयन धातूच्या धन आयनाशी बांधलेला असतो. येथे हायड्रोजन बाहेर काढायचा म्हणजे ते संयुगच मोडावे लागते. लिथियम बोरोहायड्राइड २८० अंशांच्या सुमारास वितळते, पण त्यातून भरीव प्रमाणात हायड्रोजन सुटू लागण्यासाठी ४०० अंश ओलांडावे लागतात. त्यानंतरही चारांपैकी एक हायड्रोजन लिथियमपाशी अडकून राहतो, त्यामुळे साडेअठरा टक्क्यांपैकी प्रत्यक्षात १३.९ टक्केच मिळतात.

या विघटनाला हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागे (म्हणजे सुमारे दोन ग्रॅममागे) सुमारे ७४ किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक बार दाबाचा समतोल, म्हणजे हायड्रोजन सुटणे आणि परत शोषला जाणे एकमेकांना तोलून धरतात ती अवस्था, साधारण खोलीच्या तापमानाला यायची असेल, तर ही उष्णता ४० किलोज्यूलच्या आसपास असायला हवी. ७४ असल्यामुळे तो समतोल ३७० अंशांवर जातो. वाहनात वापरला जाणारा इंधनघट (हायड्रोजनपासून वीज बनवणारे उपकरण) ८० अंशांच्या आसपास चालतो, म्हणजे त्याची वाया जाणारी उष्णता या कामी उपयोगाची नाही. मग उष्णता आणायची कोठून? साठवलेल्याच हायड्रोजनचा काही भाग जाळून. एका मोल हायड्रोजनच्या ज्वलनातून सुमारे २४२ किलोज्यूल मिळतात, तेव्हा निव्वळ विघटनापायी तीस टक्के इंधन खर्ची पडेल, आणि भुकटी तापवण्याचा खर्च आणखी निराळा.

हे सगळे एक वेळ सोसता आले असते; खरी अडचण त्याच्या पुढची आहे. विघटनानंतर लिथियम हायड्राइड आणि अस्फटिकी बोरॉन असे दोन वेगळे घन पदार्थ उरतात. त्यांच्यात पुन्हा हायड्रोजन भरायचा, तर ६०० अंश तापमान आणि दीडशे ते साडेतीनशे बार दाब द्यावा लागतो. उष्मागतिकीच्या दृष्टीने पाहिले, तर परतीची ही अभिक्रिया उष्णता सोडणारी आहे, म्हणजे ती कमी तापमानाला अडायला नको. ती अडते ती बोरॉनमुळे. बोरॉनचे अणू एकमेकांना घट्ट धरतात, फारसे कशाशी अभिक्रिया करत नाहीत, आणि लिथियम हायड्राइडच्या कणांपासून दूर गेलेले असतात. घन पदार्थातून वाट काढत त्यांना पुन्हा एकत्र यावे लागते. या विषयावरचे लेखन वाचताना आमचा आग्रह म्हणून एवढाच, की पहिल्यांदा किती हायड्रोजन सुटला हा आकडा बाजूला ठेवून पाचव्या-दहाव्या फेरीत किती सुटला, तो आकडा शोधावा. पुष्कळदा तो दिलेलाच नसतो.

प्रश्न : लिथियम सोडून दुसरा धातू घेतला तर?

उत्तर : धातूच्या निवडीचा परिणाम मोठा आहे आणि त्यामागे एक साधा नियमही सापडला आहे. जपानमधील तोहोकू विद्यापीठातील नाकामोरी, ओरिमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की धातूची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची प्रवृत्ती) जितकी जास्त, तितके त्याचे बोरोहायड्राइड कमी स्थिर. सोडियम आणि पोटॅशियम यांची विद्युतऋणता कमी, म्हणून त्यांची बोरोहायड्राइडे लिथियमहूनही हट्टी. ॲल्युमिनियम दुसऱ्या टोकाला आहे: त्याच्या बोरोहायड्राइडमध्ये १६.९ टक्के हायड्रोजन असतो, पण ते साध्या तापमानाला द्रव असते आणि हवा लागताच पेट घेते. जस्ताचे बोरोहायड्राइड सहज मोडते खरे, मात्र मोडताना हायड्रोजनबरोबर डायबोरेन हा विषारी वायू सोडते. डायबोरेन इंधनघटाला घातक असतोच. शिवाय जो बोरॉन वायू होऊन निघून गेला, तो पुन्हा भरण्यासाठी शिल्लकच राहत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये मॅग्नेशियम येते आणि म्हणूनच त्याच्यावर इतके काम झाले आहे. मॅग्नेशियम बोरोहायड्राइडमध्ये १४.९ टक्के हायड्रोजन असतो आणि तो ३०० अंशांच्या अलीकडेच सुटू लागतो. परंतु हे विघटन एका पायरीत होत नाही. वाटेत बारा बोरॉन अणूंचा बंद पिंजरा असलेला, बारा हायड्रोजनांचा एक अत्यंत स्थिर ऋण आयन तयार होतो, आणि त्यात अडकलेला बोरॉन चक्राबाहेर पडल्यात जमा असतो. शेवटच्या मॅग्नेशियम डायबोराइडपर्यंत जाऊन तेथून परत यायचे, तर ४०० अंशांना ९५० बारच्या आसपास दाब लागला, आणि तरीही रूपांतर पूर्ण झाले नाही.

याच संयुगाबाबतचे एक निरीक्षण आम्हाला विशेष बोलके वाटते. २०० अंशांवर निर्वातात आठवड्यांच्या हिशेबाने सावकाश विघटन होऊ दिले, तर बोरॉन बाराच्या पिंजऱ्यात न जाता तीन-तीनच्या लहान गटांत थांबतो. तेथून २५० अंशांवर आणि १२० बार दाबाखाली तो पूर्वपदावर येतो. हाती येणारा हायड्रोजन मात्र अडीच टक्केच. म्हणजे परतीची वाट मोकळी ठेवायची असेल तर फार पुढे जाता येत नाही, आणि पुढे गेले तर वाट बंद होते.

प्रश्न : मी या विषयावर पदव्युत्तर प्रकल्प करत आहे. टायटॅनियम क्लोराइड मिसळल्याने विघटनाचे तापमान खाली येते, असे अनेक शोधनिबंधांत वाचले. पण उत्प्रेरक समतोल बदलत नाही, असे आम्हाला शिकवले आहे. मग हे कसे?

उत्तर : आपल्याला बरोबर शिकवले आहे. उत्प्रेरक वेग बदलतो, समतोल बदलत नाही. तापमान खाली आल्याचे दिसते, त्यामागे बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: अभिक्रिया समतोलाच्या तापमानाहून बरीच वर रखडलेली होती आणि उत्प्रेरकाने ते रखडणे कमी केले, किंवा मिसळलेला पदार्थ उत्प्रेरक नव्हताच, तो अभिक्रियेत भाग घेऊन खर्ची पडला.

बोरोहायड्राइडांच्या बाबतीत दुसरी शक्यता फार वेळा खरी ठरते, आणि ती वजनकाट्यावरच तपासता येते. एक मोल लिथियम बोरोहायड्राइड म्हणजे २१.८ ग्रॅम. त्यात दहास एक मोल या प्रमाणात टायटॅनियम ट्रायक्लोराइड मिसळले, तर त्याचेच वजन १५.४ ग्रॅम होते. प्रत्येक टायटॅनियममागे तीन क्लोरिन, आणि प्रत्येक क्लोरिन एकेक लिथियम घेऊन साधे लिथियम क्लोराइड बनवतो. म्हणजे तीस टक्के बोरोहायड्राइड दळतानाच किंवा थोडे तापवताच खलास. उरलेल्या ०.७ मोलमधून २.१ ग्रॅम हायड्रोजन मिळेल आणि भुकटीचे एकूण वजन असेल ३७.२ ग्रॅम. १३.९ टक्क्यांची क्षमता ५.७ टक्क्यांवर आली. हेच प्रमाण शंभरास दोन मोल ठेवले, तर क्षमता ११.४ टक्क्यांच्या आसपास राहते. तेव्हा अशा निबंधात मिश्रणाचे प्रमाण मोलमध्ये दिले असेल, तर आधी ते ग्रॅममध्ये मांडून पाहावे.

समतोल खरोखर बदलायचा असेल, तर अभिक्रियेचा शेवट बदलावा लागतो. वाजो, स्कीथ आणि मेर्टेन्स या संशोधकांनी २००५ मध्ये नेमके तेच केले, आणि आमच्या मते या क्षेत्रातील ही सर्वांत फलदायी कल्पना आहे. त्यांनी दोन भाग लिथियम बोरोहायड्राइडला एक भाग मॅग्नेशियम हायड्राइडची जोड दिली. एकटे लिथियम बोरोहायड्राइड मोडले की बोरॉन सुटा पडतो. मॅग्नेशियम शेजारी असले की तो मॅग्नेशियम डायबोराइड या स्थिर संयुगात जातो. शेवटची अवस्था ऊर्जेच्या दृष्टीने खाली आली, त्यामुळे तेथपर्यंत पोहोचण्यास लागणारी उष्णता हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे २५ किलोज्यूलने घटली. क्षमता १३.९ वरून साडेअकरा टक्क्यांवर उतरली, पण त्या मोबदल्यात परतीचा प्रवास सुकर झाला, कारण डायबोराइडमधला बोरॉन सुट्या बोरॉनइतका निष्क्रिय नसतो. त्यांच्या प्रयोगात आठ ते दहा टक्के हायड्रोजन आत-बाहेर करता आला, आणि त्या मिश्रणात टायटॅनियम ट्रायक्लोराइड शंभरास दोन-तीन मोल इतकेच होते.

या योजनेतही एक विचित्र अट आहे. हायड्रोजन काढून घेत असतानाही भांड्यात काही बार हायड्रोजनचा दाब ठेवावा लागतो. निर्वातात काम केले, तर मॅग्नेशियम आणि बोरोहायड्राइड आपापले वेगळे मोडतात, बोरॉन सुटा होतो आणि जोडी जमवण्याचा हेतूच वाया जातो. दाब ठेवला, तर मॅग्नेशियम हायड्राइड आधी रिकामे होते आणि मग अभिक्रिया काही तास जणू थांबून राहते. डायबोराइडची पहिली बीजे तयार होण्यास तेवढा अवधी जातो. टायटॅनियमचा खरा उपयोग येथे दिसतो. त्यापासून बनणाऱ्या टायटॅनियम डायबोराइडची स्फटिकरचना मॅग्नेशियम डायबोराइडसारखीच षट्कोनी असते, म्हणून त्याचे बारीक कण बीज म्हणून चालतात आणि तो खोळंबा आखूड होतो. आपल्या प्रकल्पात मिश्रक निवडताना, तो शेवटी कोणत्या बोराइडच्या रूपात उरणार आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनमध्ये बोरोहायड्राइड भरल्यास सर्व अडचणी दूर होतात, हे खरे आहे का?

उत्तर : सर्व नव्हे, पण त्यांतल्या एका मोठ्या अडचणीवर तो नेमका उपाय आहे. बोरॉन आणि धातूचे हायड्राइड एकमेकांपासून दूर जातात, हे वर आलेच आहे; छिद्र काही नॅनोमीटरचे असेल, तर त्यांना दूर जायला जागाच उरत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ नॅनोमीटर छिद्रांच्या कार्बन एरोजेलमध्ये (अतिशय हलक्या, सच्छिद्र कार्बनमध्ये) लिथियम बोरोहायड्राइड भरले होते. ३०० अंशांवर हायड्रोजन सुटण्याचा वेग मोकळ्या पदार्थाच्या पन्नासपटीपर्यंत गेला आणि विघटनाचे तापमान जास्तीत जास्त ७५ अंशांनी खाली आले.

भरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आर्गॉन वायूने भरलेल्या हातमोज्यांच्या पेटीत भुकटी आणि एरोजेल एकत्र घेतात, भांडे बंद करून त्यात हायड्रोजनचा दाब देतात, म्हणजे पदार्थ तापताना मोडू नये, आणि तापमान द्रवणांकाच्या किंचित वर नेतात. वितळलेले बोरोहायड्राइड कार्बनला ओले करते आणि केशाकर्षणाने आपोआप छिद्रांत शिरते. छिद्रांच्या मानाने पदार्थ जास्त झाला, तर उरलेला बाहेर थिजून राहतो आणि पुढच्या तापवणीत फेसाळून भांड्याच्या कडेने वर चढतो. नळी तुंबली की मापनही गेले.

याची किंमत वजनात मोजावी लागते. भरलेल्या कार्बनमध्ये बोरोहायड्राइड निम्मे असेल, तर १३.९ टक्क्यांचे सातच्या आसपास होतात. पाव असेल, तर साडेतीन. त्यावर टाकी, झडपा आणि उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या यांचे वजन चढते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने वाहनांसाठी ठेवलेले अंतिम उद्दिष्ट साडेसहा टक्के आहे, आणि ते पदार्थाचे नसून संपूर्ण साठवण यंत्रणेचे आहे. कार्बनऐवजी सिलिका वापरण्याचा मोह होतो, कारण २००३ मध्येच सिलिका मिसळलेल्या लिथियम बोरोहायड्राइडमधून २०० अंशांच्या सुमारास हायड्रोजन सुटू लागल्याचे दिसले होते. पण सिलिकातील ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन लिथियमचे सिलिकेट बनते आणि तेवढे लिथियम कायमचे जाते.

प्रश्न : एका निबंधात १०० अंशांवर हायड्रोजन सुटल्याचा दावा वाचला. अशा दाव्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : दावा खोटा असेलच असे नाही, पण आलेख नीट पाहावा. पहिला बुडबुडा १०० अंशांवर दिसणे आणि बहुतांश हायड्रोजन १०० अंशांवर सुटणे यांत दोन-तीनशे अंशांचे अंतर असू शकते. नमुना केवळ तापवून त्याचे वजन घटल्याचे दाखवले असेल, तर जे गेले तो हायड्रोजनच होता की डायबोरेन, की उरलेले द्रावक, हे सुटलेला वायू ओळखणारा वस्तुमान वर्णपटमापक जोडल्याशिवाय कळत नाही. आणखी एक नेहमीची मखलाशी म्हणजे टक्केवारी काढताना छिद्रधारक कार्बनचे वजन न धरणे. तळटीप वाचल्याशिवाय ती लक्षात येत नाही.

प्रश्न : सोडियम बोरोहायड्राइडवर नुसते पाणी टाकले तरी हायड्रोजन सुटतो. मग इतकी खटपट कशासाठी?

उत्तर : सुटतो, आणि निम्मा हायड्रोजन पाण्यातला मिळतो, हा वरचा फायदा. श्लेसिंगर आणि ब्राऊन यांनी १९४० च्या दशकात, महायुद्धाच्या काळात, अमेरिकी सैन्यासाठी हे संयुग तयार केले, तेव्हा रणक्षेत्रात हायड्रोजन निर्माण करणे हा त्याचा एक हेतू होता. पुढे बोरॉनच्या संयुगांवरील कार्यासाठी ब्राऊन यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पाण्याशी झालेल्या अभिक्रियेनंतर सोडियम मेटाबोरेट उरते. त्यात बोरॉन ऑक्सिजनशी इतका घट्ट जखडलेला असतो, की टाकीत हायड्रोजन भरून तो सोडवता येत नाही. मेटाबोरेट काढून कारखान्यात न्यावे लागते आणि तेथे भरपूर ऊर्जा खर्चावी लागते. याच मुख्य कारणांमुळे २००७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने वाहनांसाठी हा मार्ग पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. एकदाच वापरायच्या लहान उपकरणांत तो आजही उपयोगी आहे.

प्रश्न : समजा, उत्तम पदार्थ सापडला. तरी पेट्रोलसारखी पाच मिनिटांत टाकी भरता येईल का?

उत्तर : या प्रश्नाकडे रसायनशास्त्रज्ञांचे अनेकदा दुर्लक्ष होते, म्हणून तो विचारल्याबद्दल आपले आभार. हायड्रोजन आत जाताना तितकीच उष्णता बाहेर पडते. पाच किलो हायड्रोजन म्हणजे २,५०० मोल. पदार्थ आदर्श मानून प्रत्येक मोलमागे ४० किलोज्यूल धरले, तरी १०० मेगाज्यूल उष्णता होते, आणि ती ३०० सेकंदांत बाहेर काढायची म्हणजे सुमारे ३३० किलोवॉटची शीतकरण यंत्रणा हवी. लिथियम बोरोहायड्राइडच्या ७४ किलोज्यूलने हिशेब केला, तर हा आकडा ६०० किलोवॉटच्या पुढे जातो. त्यात भुकटी उष्णतेची मंद वाहक असते, म्हणून तिच्यात ग्रॅफाइट मिसळून वड्या दाबतात आणि टाकीत धातूचे पंखे किंवा नळ्या बसवतात; वजन पुन्हा वाढते. याच कारणाने बोरोहायड्राइडांची पहिली जागा वाहनात नसून एका ठिकाणी स्थिर असलेल्या साठ्यात असावी, असे आमचे मत आहे. तेथे भरायला रात्रभर अवधी असतो, वजनाची घाई नसते, आणि शेजारी एखादी भट्टी किंवा उच्च तापमानाचा इंधनघट असेल, तर तीनशे अंशांची उष्णताही फुकट मिळते.

प्रश्न : काही निबंधांत बोरॉन-११ या समस्थानिकापासून मुद्दाम बोरोहायड्राइड बनवल्याचा उल्लेख असतो. त्याने साठवण सुधारते का?

उत्तर : नाही, साठवणुकीशी त्याचा संबंध नाही, तो खर्च केवळ पदार्थ 'पाहता' यावा म्हणून केलेला असतो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि हायड्रोजनपाशी इलेक्ट्रॉन एकच असल्याने तो त्यांना जवळजवळ दिसत नाही. म्हणून हायड्रोजनची नेमकी स्थाने शोधण्यासाठी न्यूट्रॉन वापरतात. निसर्गात आढळणाऱ्या बोरॉनमध्ये सुमारे वीस टक्के बोरॉन-१० असतो आणि तो न्यूट्रॉन इतके शोषतो, की नमुन्यातून पलीकडे फारसे काही येतच नाही. तेव्हा बोरॉन-११ घ्यावा लागतो. साधा हायड्रोजनही न्यूट्रॉन अस्ताव्यस्त विखरून मापनात धूसरपणा आणतो, म्हणून त्याच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचाच जड समस्थानिक घालतात. विघटनानंतरचा अस्फटिकी बोरॉन आणि बारा बोरॉनांचे पिंजरे मात्र न्यूट्रॉनांनाही सहज सापडत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना वेगाने फिरवत बोरॉनच्या केंद्रकाचे चुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) मोजतात, आणि त्या बाराच्या पिंजऱ्याचा पहिला भक्कम पुरावा २००८ मध्ये त्याच पद्धतीने मिळाला.